वडिलांच्या नावाचा रकाना



वर्षभरात पवित्र शास्त्र वाचून काढण्याचा नेम ज्यांनी केला आहे, त्यांना एज्राच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय आठवत असेल. आठवत असेल म्हणजे, तो आपण किती भराभर उलटला हे आठवत असेल. बाबेलच्या बंदिवासातून यरुशलेमेला परतलेल्यांची ती यादी. अमक्याचे वंशज इतके, तमक्याचे तितके. मीही तो अध्याय वर्षानुवर्षे असाच उलटत आलो. पण यादीच्या शेवटाकडे, ५९ व्या वचनापासून, काही वेगळी माणसे उभी आहेत. ती तेल-मेलह, तेल-हर्शा अशा गावांहून आली, पण आपल्या बापाचे घराणे त्यांना दाखवता आले नाही. त्यांची संख्या ६५२. (नहेम्याच्या सातव्या अध्यायात हीच यादी पुन्हा येते आणि तिथे हा आकडा ६४२ आहे. ज्याने कधी जुन्या वहीवरून नवी वही उतरवली आहे, त्याला यात नवल वाटणार नाही.) त्यांच्या पाठोपाठ याजकांची तीन घराणी येतात. त्यांनी वंशावळीच्या वहीत आपली नावे शोधली, ती सापडली नाहीत, आणि त्यांना याजकपणातून वगळण्यात आले. परमपवित्र अन्नाला त्यांनी हात लावायचा नाही असा हुकूम झाला.

या माणसांकडे मी थांबून पाहायला लागलो ते आमच्या मंडळीच्या रजिस्टरांमुळे.

आपल्या बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० साली सुरू झाले. पेशवाई बुडून दोन वर्षे झाली होती आणि किल्ल्याशेजारी इंग्रजांची छावणी वसत होती. जोसेफ टेलर आधी आले, काही वर्षांनी विल्यम बेनन आले. मराठी, कानडी आणि छावणीतल्या लोकांसाठी तमिळ, असे तीन भाषांत काम चाले. १९०४ साली हे सगळे काम अमेरिकन मेथडिस्ट मिशनकडे गेले. २०२० साली द्विशताब्दी येणार म्हणून जुन्या वह्या नीट लावून त्यांची यादी करण्याचे काम आमच्या काही स्वयंसेवकांवर आले. समारंभ त्या वर्षी महामारीमुळे झालाच नाही, पण वह्या मात्र माझ्या घरी आल्या. टाळेबंदीत दुसरे काम नव्हते. बाप्तिस्म्याचे रजिस्टर, विवाहाचे रजिस्टर, दफनाचे रजिस्टर, सभासदांच्या याद्या, आणि कामगारांच्या पगाराची एक लांबट वही. काहींना वाळवी लागली होती. काही पाने एकमेकांना अशी चिकटली होती की ती सोडवायला पोस्टकार्ड आत सरकवत न्यावे लागे.

बाबा पदमनजी १८३१ साली याच गावात जन्मले, इथल्या मिशनच्या शाळेत शिकले आणि १८५४ साली इथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण कुठून आलो, काय सोसले, हे त्यांनी 'अरुणोदय' लिहून स्वतःच सांगून ठेवले. आपल्यासारख्यांच्या पणज्या-खापरपणज्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. त्यांच्या वाट्याला रजिस्टरातली एक ओळ आली. एका माणसाच्या साऱ्या आयुष्यात अशा तीन-चार ओळी: बाप्तिस्मा, लग्न, लेकरांचे बाप्तिस्मे, दफन.

आमच्या घरात पणजीची एक गोष्ट सांगितली जाते. ती कोकणातल्या मोठ्या ब्राह्मण घराण्यातली बालविधवा होती. सासरच्यांनी केशवपनाचा घाट घातला तेव्हा रातोरात पळाली आणि केडगावला पंडिता रमाबाईंच्या आश्रयाला गेली. तिथून आमच्या पणजोबांशी लग्न होऊन ती बेळगावला आली. ही गोष्ट मी शब्बाथ शाळेत मुलांना छाती फुगवून सांगितली आहे.

आणि याच गोष्टीच्या जोरावर २०१७ साली आमच्या घराने एक स्थळ मोडले. माझ्या पुतण्याला आमच्याच मंडळीतली एक मुलगी आवडली होती. शिकलेली, गायनवृंदात गाणारी, घर सालस. पण तिची आजी मिशनच्या बालगृहात वाढलेली. आई-बाप कोण, गाव कोणते, काही माहीत नाही. आमच्या थोरल्या आत्याने विचारले, "मूळ काय त्यांचं?" कोणी काही बोलले नाही. नकाराचा निरोप घेऊन त्यांच्या घरी जायचे काम माझ्याकडे आले, आणि मी गेलो. "पोरं अजून लहान आहेत," असे काहीतरी मी सांगितले. त्या आजी दाराशी उभ्या होत्या. त्यांना कळले असणार. आपण मंडळीत जात मानत नाही असे म्हणतो. स्थळ बघताना मात्र आपण काय काय विचारतो ते ज्याचे त्याला ठाऊक आहे.

तर १९०९ च्या विवाह रजिस्टरात मला पणजीची ओळ सापडली.

१८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने विवाहाच्या नोंदीचा नमुना ठरवून दिलेला आहे. तारीख, वधूवरांची नावे, आडनावे, वय, स्थिती, धंदा, लग्नाच्या वेळचा राहण्याचा पत्ता, वडिलांचे नाव व आडनाव, सह्या, साक्षीदार, आणि लग्न लावणाऱ्याचे नाव. पणजोबांची ओळ पूर्ण भरलेली. वय २३, उपदेशक, वडिलांचे नाव, आडनाव. पणजीच्या नावापुढे आडनाव नाही. वय 'सुमारे १७'. पत्ता: मुक्ती, केडगाव. स्थितीच्या रकान्यात: अविवाहित. आणि वडिलांच्या नावाच्या जागी एक आडवी रेघ.

'अविवाहित' या शब्दावर मी किती वेळ बोट ठेवून बसलो होतो, सांगता येत नाही. वधू विधवा असली तर त्या रकान्यात तसे लिहिले जाई. त्याच पानावर दुसऱ्या एका वधूपुढे तसे लिहिलेले होते. म्हणजे बालविधवा नाही. घराणेही नाही, घराणे असलेल्या बालविधवेला आपल्या बापाचे नाव सांगता आले असते. रेघ कोणासाठी काढतात? जिला ते सांगता येत नाही तिच्यासाठी.

मी लगेच विश्वास ठेवला नाही. मिशनरी साहेबांच्या हातच्या नोंदी मी महिनाभर वाचत होतो, त्यामुळे त्या किती चुकतात हे मला माहीत झाले होते. आमचेच आडनाव तीन वह्यांत तीन स्पेलिंगने आहे, आणि एका ठिकाणी तर ते दुसऱ्याच कोणाचे वाटावे असे. ज्यांना आपल्या घरच्या नोंदी शोधायच्या आहेत त्यांना माझे एवढेच सांगणे की डोळ्यांनी शोधू नका, तोंडाने मोठ्याने वाचा. साहेबाने जे ऐकले ते लिहिले. आपण मोठ्याने वाचले की पुन्हा ते ऐकू येते.

मग मी वयाचा हिशोब मांडला. १९०९ साली सतरा, म्हणजे जन्म १८९२ च्या आसपास. पगाराच्या वहीत ती १९१९ साली येते (का, ते पुढे सांगतो) आणि तिथे तिचे वय २५ लिहिले आहे, म्हणजे १८९४. घरच्या शास्त्राच्या पहिल्या पानावर आजोबांच्या अक्षरात १८९०. आणि दफनभूमीतल्या दगडावर १८८८. जसजसा काळ जातो तसतशी पणजी मोठी होत जाते! दगड आजोबांनीच बसवला होता. तिथे उभा राहून मी विचार करत होतो आणि मग लक्षात आले. केडगावला जाण्याआधी लग्न होऊन, नवरा वारून, केशवपनाची वेळ यायची, तर मुलगी बारा-तेरा वर्षांची तरी हवी. १८८८ हे साल गोष्टीच्या मापाने शिवलेले आहे.

कोणी म्हणेल, खानेसुमारीचे कागद का पाहिले नाहीत? विलायतेत लोक १९०१ च्या खानेसुमारीत आपल्या पणजोबांचे घर, त्यातली माणसे, चाकरमाणसेसुद्धा शोधून काढतात. आपल्याकडे घराघरातून भरलेले ते कागद जतन झाले नाहीत; आकडे छापले गेले, नावे गेली. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्यातल्या ख्रिस्ती बाप्तिस्मा-विवाह-दफनांच्या प्रती आहेत, पण त्या बहुतेक गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियन घराण्यांच्या. देशी ख्रिस्ती माणूस त्यात क्वचित भेटतो. आमच्या गोव्यातल्या कॅथलिक मित्रांचे भाग्य या बाबतीत मोठे. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने प्रत्येक पाळकाला विवाहाची वही ठेवायला लावली, बाप्तिस्म्याच्याही वह्या सर्वत्र झाल्या, आणि १९१४ मध्ये तिथे सरकारी नागरी नोंदणी सुरू होईपर्यंत चर्चच्या वह्या हाच आधार होता. माझे एक स्नेही बार्देशातले आहेत. ते आपली वंशावळ मला नऊ पिढ्या म्हणून दाखवतात आणि मग हसून सांगतात की त्यामागे पोर्तुगीज आडनाव लाभलेला पहिला माणूस आहे आणि त्याच्या पलीकडे धुके. धुके सगळ्यांनाच आहे, कोणाला नऊ पिढ्यांनंतर, कोणाला एका पिढीनंतर.

पणजोबांच्या बाजूला मात्र आम्हाला वेगळीच वही मिळाली. आपल्या भागातले हेळवी तुम्हाला माहीत असतील. पूर्वी बैलावर बसून येत, आता मोटरसायकलवर येतात. घराण्याची चोपडी घेऊन दारात बसतात, मूळपुरुषापासून नावे म्हणत जातात, जन्मलेल्या पोरांची नावे नव्याने चढवतात आणि धान्य-पैका घेऊन पुढच्या गावाला जातात. पणजोबांच्या गावी आमचे हिंदू भाऊबंद आजही आहेत. त्यांच्याकडे हेळवी आले तेव्हा त्यांनी मला आवर्जून बोलावून घेतले. पणजोबांच्या वडिलांपर्यंतची नावे म्हणून झाली. पणजोबांचे नाव आले, आणि तिथे ती फांदी थांबली. पुढे काही चढवलेले नव्हते. ज्या माणसाच्या बाप्तिस्म्याची ओळ आमच्या वहीत पहिली, त्याची त्यांच्या वहीत शेवटची. भाऊबंदांपैकी एक म्हातारे म्हणाले, "आता तुमची नावं सांगा की, चढवू द्या त्याला." मी आठ नावे सांगितली. हेळव्याने ती कानडीत लिहून घेतली, माझ्या मुलीचे नाव जेनिफर, ते दोनदा विचारून.

पणजीसाठी कुठलाच हेळवी नव्हता.

१९१८ कडे आता यावे लागेल. दफनाचे रजिस्टर सहसा सावकाश चालते. महिन्याला एखादी नोंद, कधी दोन. त्या वर्षीचा ऑक्टोबर महिना मी उघडला तेव्हा अक्षरच बदललेले दिसले. आधी सुबक, मग घाईचे, मग दुसऱ्याच कोणाच्या हातचे. एका दिवसात तीन, चार. कारणाच्या रकान्यात पहिल्यांदा 'इन्फ्लुएंझा' पूर्ण लिहिलेले, त्याखाली नुसत्या 'वरीलप्रमाणे' च्या खुणा, पानभर. एकट्या मुंबई इलाख्यात त्या साथीने दहा लाखांहून अधिक माणसे नेली, त्यातली बहुतेक सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या काळात. मी हे वाचत होतो तेव्हा २०२० चा पावसाळा चालू होता, आमच्या गल्लीच्या तोंडाला बांबू बांधलेला होता आणि आमच्या मंडळीतल्या एका सभासदाचे दफन नातलगांना लांबून पाहावे लागले होते. 'वरीलप्रमाणे' ही खूण मला त्याआधी कधी इतकी भयंकर वाटली नव्हती.

त्या पानावर आमच्या घराच्या दोन ओळी आहेत. आधी दोन वर्षांचा मुलगा. चार दिवसांनी पणजोबा, वय ३२. मधल्या ओळींत इतरांची माणसे.

पणजीपाशी आता सात वर्षांचे आजोबा आणि चार वर्षांची मुलगी. तिला माहेर नव्हते. आमच्या घरच्या गोष्टीतले ते कोकणातले घराणे असते, तर निदान एक पत्र तरी गेले असते. १९१९ साली तिचे नाव पगाराच्या वहीत चढले: बायबल-बाई. घरोघर जाऊन बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवायचे, अक्षरे शिकवायची, आजाऱ्यांजवळ बसायचे. त्या वहीत प्रत्येक कामगाराचे शिक्षण कुठे झाले आणि मूळ ठिकाण कोणते, हे लिहिलेले असे. पणजीपुढे शिक्षण: केडगाव. मूळ ठिकाण: 'गुजराथ, दुष्काळ'.

एवढे दोन शब्द. त्यात गाव नाही, तालुका नाही. माणसाचे मूळ म्हणून तिथे 'दुष्काळ' असे लिहिलेले आहे.

१८९९ साली गुजरातेत पाऊस फिरकला नाही. विक्रम संवत १९५६, म्हणून गुजराती लोक त्याला छप्पनियो म्हणतात. गुजरात सुपीक मुलूख, तिथे असा काळ पडेल असे सरकारलाही वाटले नव्हते. आधी गुरे गेली, मग माणसे. १९०० च्या उन्हाळ्यात खडी फोडण्याच्या कामांवर जमलेल्या गर्दीत पटकी शिरली. पंचमहालात फार वाईट स्थिती होती. बडोदे संस्थानाची लोकसंख्या १८९१ साली २४ लाखांवर होती, ती १९०१ साली साडेएकोणीस लाखांवर आली. आईबाप मेलेली, हरवलेली किंवा कोणीतरी घेईल या आशेने सोडून दिलेली मुले रस्त्यांवर आणि स्टेशनांवर होती.

पंडिता रमाबाईंना भूक ऐकून माहीत नव्हती. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री, मग आई, मग थोरली बहीण, सगळी गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ पायी हिंडत राहिले. शारदा सदन त्यांनी १८८९ साली मुंबईत काढले ते विधवांसाठी, आणि ते पुढे पुण्याला नेले. पण १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली घेऊन आल्या; त्यांना ठेवायला केडगावची जागा कामी आली. १९०० साली गुजरातेतून मुली आणल्या गेल्या. त्या सुमारास मुक्तीत दीड हजारांहून अधिक जीव राहत होते. विणकाम, शेती, दूधदुभते, तेलाचा घाणा, छापखाना. रमाबाईंनी मूळ इब्री आणि ग्रीकवरून मराठीत केलेल्या शास्त्राच्या भाषांतराचे खिळे याच मुलींनी जुळवले. ते संपूर्ण शास्त्र १९२४ साली बाहेर आले. रमाबाई दोन वर्षे आधी, ५ एप्रिल १९२२ रोजी, प्रभूमध्ये निजल्या होत्या.

म्हणजे गुजरातेतल्या कुठल्याशा खेड्यातली आठ वर्षांची पोर आगगाडीत बसवून केडगावला आणली गेली आणि तिथे तिला मराठी बोलायला, वाचायला, प्रार्थना करायला शिकवले. आम्ही बेळगावातले मराठी बोलणारे ख्रिस्ती, आमच्या मराठीचा आम्हाला केवढा अभिमान! ती आमच्या घरात एका बाजूने अशी आली आहे. आमच्या आजोबांच्या मातेची भाषा मराठी होती, पण ती तिच्या आईची नव्हती.

इथे माझी एक फजिती सांगितली पाहिजे. 'गुजराथ' शब्द सापडल्यावर मी पुन्हा विवाह रजिस्टर काढले आणि पणजीची सही भिंग घेऊन पाहिली. बालबोध अक्षर, तीन अक्षरी नाव, पण वर शिरोरेषा नाही! गुजराती लिपीला शिरोरेषा नसते. मी इतका हरखलो की रात्री साडेदहाला आमच्या पाळकांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "त्याच पानावरच्या बाकीच्या सह्या पाहिल्यात का?" पाहिल्या. साक्षीदारांपैकी एकाने शिरोरेषा दिली नव्हती, आणि मागच्या पानावर तिघांनी. बोरू घाईत असला की रेष राहते. आणि दुष्काळातून उचललेल्या आठ वर्षांच्या पोरीला गुजराती अक्षरे तरी कोणी शिकवली असणार? तिला अक्षर भेटले ते केडगावातच. पुराव्याला आपल्या मनासारखे वाकवण्यात मी आजोबांपेक्षा कमी नव्हतो.

खरा पुरावा वहीत नव्हता, आत्याजवळ होता.

थोरली आत्या आता शहाऐंशी वर्षांची आहे. पणजी १९७१ साली वारली तेव्हा आत्या तिशी ओलांडलेली होती, म्हणजे आपल्या आजीला तिने चांगले पाहिलेले. वह्यांच्या छायाप्रती घेऊन मी २०२२ च्या ख्रिस्तजन्माच्या सुट्टीत तिच्याकडे गेलो. दोन वर्षे मी हे तिच्यापासून लपवून ठेवले होते. काय म्हणेल याची भीती वाटे. तिने चष्मा लावला. इंग्रजी तिला येते, शाळेत शिक्षिका होती. रेघेपाशी आली, थांबली. मग कागद उलटा ठेवला.

"आजी टाके मोजायची ना," ती म्हणाली, "तेव्हा एक, बे, त्रण म्हणायची. बे तर आपणही पाढ्यात म्हणतो. पण त्रण?"

मी गप्प बसलो.

"आणि भाकरीचे तुकडे ठेवायची ट्रंकेत. फडक्यात बांधून. वाळलेले, कडक. आम्ही पोरं हसायचो. आई चिडायची, मुंग्या होतात म्हणून. पण अप्पा कधी त्या ट्रंकेला हात लावू द्यायचे नाहीत. ती गेल्यावर ट्रंक उघडली तेव्हाही होते त्यात."

अप्पा म्हणजे आमचे आजोबा. ती बालविधवेची गोष्ट त्यांनीच पहिल्यांदा सांगितली, आत्याच्या म्हणण्याप्रमाणे १९३५-३६ च्या सुमारास, शाळेत नोकरी लागली आणि लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा. मुलीकडच्यांनी विचारले होते, "आईकडचं मूळ काय?" बापाविना वाढलेल्या त्या तरुण मास्तरांकडे उत्तर नव्हते. रमाबाईंच्या आश्रमात ब्राह्मण विधवा असत हे सगळ्यांना माहीत होते. त्यांनी ते उत्तर उचलले. पणजी त्या वेळी घरातच होती. ती काही बोलली नाही, आणि पुढे पस्तीस वर्षे बोलली नाही. आजोबांना मी दोष देऊ शकत नाही. प्रश्न विचारणाऱ्यांनी त्यांना ढकलले तिथे ते गेले. पण तोच प्रश्न ऐंशी वर्षांनी आमच्या घराने दुसऱ्या घराला विचारला, आणि उत्तर नाही म्हणून दार लावले.

"तुला ठाऊक होतं?" मी आत्याला विचारले.

"ठाऊक म्हणजे काय," ती म्हणाली. "विचारलं नाही कधी. विचारलं असतं तर ठाऊक झालं असतं."

मग पुष्कळ वेळाने, "त्या पोरीच्या आजीला तू काय सांगितलं होतंस तेव्हा?"

"पोरं लहान आहेत म्हणून."

आत्याने मान हलवली.

मत्तयाने प्रभूची वंशावळ दिली, तिच्यात सरळ बाप-मुलगा, बाप-मुलगा असे जात असता चार बायका मध्येच येतात: तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. चौघींपैकी एकीचीही गोष्ट स्थळ बघायला आलेल्या पाहुण्यांना सांगण्यासारखी नाही. मत्तयाला त्या गाळता आल्या असत्या. बापांच्याच यादीवर वंशावळ पूर्ण झाली असती. आणि इब्री लोकांस पत्र लिहिणारा मलकीसदेकाविषयी म्हणतो की त्याला बाप नाही, आई नाही, वंशावळ नाही, आणि तोच याजक प्रभूचा नमुना म्हणून पुढे केला आहे. एज्राच्या त्या तीन याजक घराण्यांतल्या एकाचे नाव हक्कोस. नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात यरुशलेमेची भिंत बांधणाऱ्यांची यादी आहे. तिच्यात हक्कोसाच्या वंशातला मरेमोथ दोनदा येतो, चौथ्या वचनात आणि पुन्हा एकविसाव्यात. आपल्या वाटणीचा भाग बांधून त्याने दुसराही बांधला. हे वचन मी आत्याला वाचून दाखवले. ती म्हणाली, "बांधणाऱ्यांना वही विचारली नाही मग."

पणजीने बायबल-बाई म्हणून तेवीस वर्षे काम केले. पगाराच्या वहीत १९४२ पर्यंत तिचे नाव आहे. आमच्या मंडळीतल्या दोन-तीन घरांत अजून सांगतात की त्यांच्या आजीला पहिली अक्षरे तिने शिकवली.

पणजीचे गाव मला सापडलेले नाही. मुक्तीच्या बाजूने माग अजून चालू आहे. दगडावरचे १८८८ बदलायचे का, यावर घरात दोन मते आहेत. मी म्हणतो राहू द्या, तेही आता आमच्या घराच्या नोंदींपैकीच एक आहे. मंडळीच्या वह्या संगणकावर चढवताना एका तरुण स्वयंसेवकाने वडिलांच्या नावाच्या रकान्यात 'माहीत नाही' असे भरले होते. ते काढून मूळ वहीत आहे तशी आडवी रेघ ठेवली.

गेल्या महिन्यात आत्याला घेऊन मी त्या घरी गेलो. रिक्षातून उतरताना तिचा गुडघा दुखत होता, तरी ती दोन्ही जिने चढली. मुलीचे लग्न गेल्या वर्षी हुबळीला झाले, तिला आता बाळ होणार आहे. तिच्या आजीने आम्हाला बसायला सांगितले, चहा केला. आत्याने पिशवीतून विवाह रजिस्टराची छायाप्रत काढून त्यांच्या हातात दिली आणि रेघेवर बोट ठेवले. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. काय बोलणे झाले ते सगळे इथे लिहिण्यासारखे नाही. निघताना त्यांनी मला विचारले, ज्या बालगृहात आपण वाढलो तिथल्या जुन्या वह्या कुठे असतील, शोधता येतील का. त्यांना आपला भाऊ आठवतो, त्यांच्याहून मोठा, त्यालाही त्याच दिवशी कुठेतरी नेले होते. ते बालगृह आता बंद झाले आहे. वह्या दुसऱ्या एका मंडळीच्या कपाटात आहेत असे कळले. शनिवारी तिथे जायचे आहे. पोस्टकार्डे घेऊन ठेवली आहेत.